लेकरू वाढते, सीट लहान पडते

तामलवाडीकरांना सोलापूर म्हणजे घर-अंगण. मोठा दवाखाना तिकडे, लग्नाचा बस्ता तिकडे, आमच्या मुलांचे आजोळही तिकडेच. चौपदरी रस्ता झाल्यापासून तर टोलनाक्यापासून अर्ध्या तासाचे काम. रस्ता इतका रोजचा झाला की त्याची भीती वाटेनाशी झाली. आमच्या हातून चूक झाली ती याच रस्त्यावर.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सोलापूरला अकीका होता. आमची धाकटी तेव्हा वीस महिन्यांची होती. तिच्यासाठी जन्मापासून गाडीत छोटी कार सीट होती, उचलून नेता येते तशी टोपलीसारखी. पण दोन-तीन महिन्यांपासून ती सीटमध्ये बसायलाच तयार नव्हती. पट्टा लावला की रडायची, पाय ताणायची. त्या दिवशी परतताना गाडीत माणसेही जास्त होती. सीट डिकीत गेली आणि अम्मींनी, म्हणजे तिच्या दादीने, हात पुढे केले. "बच्ची रो रई, और तुम लोगां उसकू बांध के बैठे! लाओ इधर, मेरी गोद में दो."

आम्ही दिली. अंधार पडला होता. गाडीचा वेग साठच्या आसपास असेल. अचानक पुढे उसाची ट्रॉली दिसली. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. करकचून ब्रेक लागला. धडक झाली नाही, अल्हमदुलिल्लाह. पण अम्मींच्या हातातून लेकरू सुटले आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आदळले. ओठ फुटला, कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ आले. डॉक्टरांनी तपासून काळजीचे कारण नाही असे सांगितले, तेव्हा कुठे जीव खाली पडला.

घरी येईपर्यंत अम्मी एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री उशिरा मात्र स्वतःशीच म्हणाव्यात तशा म्हणाल्या, "मैं पकड़ी थी ना रे… घट्ट पकड़ी थी."

त्यांनी खरोखरच घट्ट धरले होते. चूक त्यांची नव्हती, आमची होती. लेकरू सीटमध्ये मावेनासे झाले हे दोन महिने आम्हाला दिसत होते, पण पुढची सीट घ्यायचे आम्ही आज-उद्यावर ढकलत होतो. जुनी सीट डिकीत गेली आणि तिच्या जागी मांडी आली. लहान मूल असलेल्या अनेक घरांत हेच होत असेल. म्हणून त्यानंतर आम्ही जे शिकलो, मोजले आणि ठरवले, ते इथे लिहीत आहोत.

मांडीचे गणित

शाळेत गतीचा धडा आम्ही दरवर्षी शिकवतो. तोच धडा स्वतःच्या घराला लावून पाहिला नव्हता. त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. या वेगाने गाडी एखाद्या भक्कम वस्तूवर आदळली, तर बॉनेट चेपत चेपत ती साधारण ६० सेंटिमीटरमध्ये थांबते असे धरू. वेळ लागतो सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. त्या क्षणी शरीराला थोपवायला लागणारा जोर वजनाच्या सुमारे १६ पट येतो. आमच्या लेकीचे वजन साडेदहा किलो. म्हणजे तिला मांडीवर धरून ठेवायला अम्मींच्या हातांना सुमारे पावणेदोनशे किलोचा भार पेलावा लागेल. सोयाबीनची तीन भरलेली पोती, आणि तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत! कोणत्या पैलवानाला हे जमेल? आमचा प्रसंग तर नुसत्या ब्रेकचा होता, धडकेचा नव्हे.

दुसऱ्या रीतीने पाहा. ५० च्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे. ८० च्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे २५ मीटरवरून, आठव्या मजल्यावरून. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आपण मूल हातात धरून उभे राहणार नाही. गाडीत मात्र पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसतो, त्याला काच दाखवतो, हॉर्न वाजवू देतो.

मागची सीट आपोआप सुरक्षित असते हाही गैरसमजच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. गाडी महागडी होती, पण मागे बसलेल्या दोघांनीही सीटबेल्ट लावला नव्हता. ते दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. त्यानंतर काही महिने मागच्या बेल्टची बरीच चर्चा झाली. मग आपण विसरलो.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १९४ ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीची सुरक्षा सीट न लावता गाडीतून नेले, तर एक हजार रुपये दंड आहे. टोलनाक्यावर यासाठी कुणी अडवल्याचे आम्ही पाहिलेले नाही. पण दंड होतो की नाही यावरून लेकराच्या जिवाची किंमत ठरत नाही.

आखातात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना मात्र हा नियम चांगला ठाऊक आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०१७ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांना कार सीट सक्तीची आहे. तिकडे शारजात मूल निमूटपणे सीटमध्ये बांधणारे आपलेच भाऊ-भावजय मुंबई विमानतळावर उतरले की मूल मांडीवर घेतात. रस्ता बदलला म्हणून मुलाचे शरीर बदलत नाही.

सीट लहान पडली हे कसे ओळखावे?

आमची पहिली चूक अशी की आम्ही वयाकडे पाहत राहिलो. "दोन वर्षांची झाली की पाहू." सीटला वय कळत नाही. तिला वजन आणि उंची कळते.

आम्ही लेकीला घेऊन अंगणवाडीत गेलो. ताईंनी वजन केले, साडेदहा किलो. उंची ८२ सेंटिमीटर. मग सीटच्या बाजूचे लेबल पहिल्यांदा नीट वाचले. त्यावर १३ किलोपर्यंतची मर्यादा होती. म्हणजे वजनाने सीट अजून चालत होती. पण तिला सीटमध्ये बसवून पाहिले, तर डोके सीटच्या वरच्या काठाला टेकले होते. टोपलीसारख्या सीटमध्ये डोक्याच्या वर निदान दोन-अडीच सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटे जागा राहिली पाहिजे. ती नाही राहिली तर वजन कितीही असो, सीट संपली. बहुतेक मुले वजनाआधी उंचीनेच सीटबाहेर जातात, हे आम्हाला तेव्हा कळले.

खांद्याचे पट्टेही पाहावेत. मूल मागे तोंड करून बसत असेल, तर पट्टे खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून आलेले असावेत. पुढे तोंड असेल, तर खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित वरून.

पाय मात्र फसवतात. "पाय टेकायला लागले, आता सीट बदला" असे सगळेच सांगतात. मागे तोंड केलेल्या मुलाचे पाय गाडीच्या सीटला टेकणारच. मुले मांडी घालतात, पाय वर घेतात, त्यांना त्याचे काही वाटत नाही. दस्तरखानावर आपण तासभर मांडी घालून बसतोच की.

दुकानात तीन वाटा

सोलापूरच्या दुकानात तीन प्रकार समोर आले.

पहिला, ९ ते ३६ किलोची सीट. तोंड कायम पुढे. दुकानदार म्हणाला, "सर, हीच घ्या, बारा वर्षांपर्यंत टेन्शन नाही." पैशाच्या दृष्टीने हीच सोयीची वाटली. एकदाच खर्च!

दुसरा, जन्मापासून १८ किलोपर्यंतची, दोन्हीकडे वळणारी सीट. आधी तोंड मागे, नंतर तीच फिरवून पुढे. हिचा उपयोग साधारण चार वर्षांपर्यंत.

तिसरा, बूस्टर. म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, जिच्यात मुलाला गाडीचाच बेल्ट लागतो. स्वस्त आणि हलकी. पण ती शाळकरी मुलांसाठी, किमान १५ किलो वजनानंतर आणि मूल बेल्टमध्ये नीट बसून राहू शकेल तेव्हा. दोन वर्षांच्या मुलाला बूस्टरवर बसवणे म्हणजे पहिलीतल्या मुलाला दहावीचा पेपर देणे.

आमचे मन पहिल्या सीटकडे झुकले होते. दुसरी का घेतली, ते सांगतो.

तोंड मागे का?

लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, आणि मानेची हाडे अजून पुरती टणक झालेली नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या मुलाचे धड पट्टे धरून ठेवतात, पण डोके जोरात पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल, तर पाठ, मान आणि डोके एकत्रच सीटच्या पाठीत दबतात. धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो.

ही कल्पना स्वीडनची. १९६० च्या दशकात बर्टिल आल्डमन या स्वीडिश डॉक्टरांनी अवकाशवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर भार घेत कसे बसतात ते पाहिले आणि तशीच, मागे तोंड असलेली मुलांची सीट सुचवली. तिकडे आजही मुले चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसतात. युरोपच्या नव्या नियमात, ज्याला आर १२९ म्हणतात, मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत तोंड मागे ठेवणे बंधनकारक आहे. ही किमान मर्यादा झाली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये दोन वर्षांची जुनी अटही काढून टाकली आणि सांगितले की सीटच्या वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत मुलाचे तोंड मागेच ठेवा.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या हिशेबानुसार, योग्य सीट वापरल्याने गाडीतील एक ते चार वर्षांच्या मुलांचा मृत्यूचा धोका ५४ टक्क्यांनी कमी होतो. वर्षाच्या आतल्या बाळांचा ७१ टक्क्यांनी. एवढे संरक्षण देणारे दुसरे काही बाजारात विकत मिळत नाही.

म्हणून आमचा निर्णय झाला. वळणारी सीट घ्यायची. आम्ही घेतलेल्या सीटमध्ये १३ किलोपर्यंत तोंड मागे ठेवता येते. लेक साडेदहा किलोची, म्हणजे अजून साधारण वर्षभर. काही महागड्या सीटमध्ये ही मर्यादा १८ किलोपर्यंत जाते. परवडत असेल तर तशी घ्यावी. पण महाग सीट परवडत नाही म्हणून मांडी पत्करू नये. लेबल असलेली, गाडीत घट्ट बसणारी साधी सीटही मांडीपेक्षा कितीतरी पटींनी चांगली.

दुबईहून आलेली सीट

आम्ही सीट शोधतोय हे कळताच दुबईच्या नात्यातून निरोप आला, "विकत कशाला घेता? आमच्या मुलाची पडून आहे, आणतो." प्रेमाने आणलीही. दिसायला नव्यासारखी. पण उलटी करून पाहिली तर तळाशी उत्पादनाचे वर्ष होते, आणि कंपनीने दिलेली मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. उन्हाने आणि वयाने प्लास्टिक ठिसूळ होते, पट्ट्यांचा दम जातो. साधारण सहा ते दहा वर्षांची मुदत कंपन्या देतात. मोठ्या अपघातातून गेलेली सीट तर बाहेरून धड दिसली तरी पुन्हा वापरू नये.

आम्ही कारण सांगून नको म्हटले. समोरच्यांचा चेहरा थोडा उतरला. पण वापरलेली सीट घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: तयार कधी झाली, अपघातात होती का, माहितीपुस्तिका आणि सगळे पट्टे आहेत का. एकाचेही उत्तर मिळत नसेल तर सीट राहू द्यावी. नवी घेतानाही सीटवरचे नारिंगी लेबल पाहावे. त्यावर आर ४४ किंवा आर १२९ हा नियमाचा क्रमांक आणि वर्तुळात इंग्रजी ई हे अक्षर असते. भारताचे स्वतःचे मानकही आहे, त्याचे नाव एआयएस ०७२. यांपैकी काहीच नसेल, तर ती कार सीट नव्हे, नुसती गादी लावलेली खुर्ची आहे.

गाडीत बसवताना

सीट घेण्याआधी गाडी दुकानासमोर उभी करा आणि बसवूनच पाहा. आमची गाडी छोटी. मागे तोंड केलेली सीट बसवायला बेल्ट लांब लागतो. एका सीटला आमचा बेल्ट पुरलाच नाही. घरी आणून कळले असते तर पैसे अडकले असते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात, त्यांना आयसोफिक्स म्हणतात. गाडीत त्या असतील, तर त्यांत अडकणारी सीट घ्यावी. बसवताना चूक होण्याची शक्यता कमी होते.

बसवल्यावर, बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर ती सैल आहे. गुडघ्याने दाब देऊन बेल्ट पुन्हा ओढा.

मुलाचे पट्टे लावल्यावर खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल आहे. जाड स्वेटर, रुईची बंडी, ईदची भरजरी शेरवानी यांच्यावरून पट्टा लावला की तो घट्ट वाटतो, पण आत पोकळी राहते. आधी पट्टा, मग वरून शाल.

एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड केलेली कार सीट कधीही ठेवू नका. एअरबॅग उघडली की ती सरळ मुलाच्या डोक्यामागे आदळते. मुलांची जागा मागेच.

आणि आपल्याकडचे ऊन. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत सीटचे बकल तव्यासारखे तापते. पांढरी ओढणी टाकून ठेवा आणि बसवण्याआधी हात लावून पाहा. "दोन मिनिटांत येतो" म्हणून मूल बंद गाडीत सोडून जाऊ नका. गाडी तापायला पहिला अर्धा तासच पुरेसा असतो.

ज्यांच्याकडे गाडी नाही

आपल्या बहुतेक घरांत कार नाही, मोटारसायकल आहे. त्यांच्यासाठीही नियम आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने तो काढला आणि वर्षभराने तो लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला मापाचे हेल्मेट हवे. वेग ४० पेक्षा जास्त नको. टाकीवर बसवलेले मूल या तिन्हींपैकी एकाही गोष्टीत बसत नाही.

लग्नाला भाड्याची जीप ठरवताना सीट किती याच्यासोबत मागे बेल्ट आहेत का, हेही विचारावे. आपली कार सीट तीन-टोकी बेल्ट असलेल्या दुसऱ्या गाडीतही लावता येते. आम्ही आता घेऊनच जातो. सुरुवातीला लोक हसले.

आधी बांधा

"अल्लाह मालिक आहे, आम्ही काय सीटमध्ये वाढलो?" असे आम्हालाही ऐकावे लागले. अल्लाह मालिक आहे यात शंकाच नाही. पण उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले, ही हदीस आपण मकतबमध्येच शिकलेलो आहोत. आपण वाढलो तेव्हा रस्ता एकपदरी होता आणि एसटी चाळीसने चालायची. आज टोलनाका सोडला की काटा शंभरकडे धावतो. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांनी हाच रस्ता फुलून जातो, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या याच रस्त्याने जातात. रस्ता सगळ्यांचा आहे. पुढे काय येईल हे आपल्या हातात नाही, मुलाला बांधून घेणे आहे.

नव्या सीटमध्ये पहिले आठ दिवस लेक रडली. आम्ही आधी गाडी दारात उभी ठेवून तिला पाच-पाच मिनिटे बसवले, मग गावातल्या गावात फिरवले. पट्टा सुटल्याशिवाय गाडी हलायची आणि पट्टा लागल्याशिवाय सुटायची नाही, एवढे मात्र कटाक्षाने पाळले. आता ती स्वतःच हात वर करून पट्ट्याची वाट पाहते.

अम्मी तिच्या शेजारीच बसतात. मांडी रिकामी असते, पण हात लेकीच्या हातात असतो. परवा घाईत आम्ही गाडी सुरू केली, तशा मागून करड्या आवाजात म्हणाल्या, "ठैरो. पहले बच्ची कू बांधो."

तुमच्या घरात लहान मूल असेल, तर येत्या जुम्म्याला नमाजहून आल्यावर एवढेच करा. त्याला सीटमध्ये बसवा आणि डोक्याच्या वर दोन बोटे जागा आहे का ते पाहा. नसेल, तर पुढची सीट घेण्याची वेळ झाली आहे. आमच्यासारखे दोन महिने थांबू नका. अल्लाह सर्वांच्या लेकरांना सुखरूप ठेवो. आमीन.